फेफरं आणि घेरी

मला पहिलं फेफरं आलं ते गुऱ्हाळावर. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती, मालक पलटणीबरोबर कुठंतरी लांब होते आणि लढाई संपायची होती. कुंडलच्या बाजूला आमचं गाव. उसाचा हंगाम ऐन भरात होता. मी आत्याबाईंबरोबर, म्हणजे सासूबाईंबरोबर, माणसांच्या भाकरी घेऊन मळ्यात गेले होते. कायलीत रस खदखदत होता, गुळव्या झाऱ्यानं वरची मळी काढत होता. भाकरीची पाटी खाली ठेवायला मी वाकले, आणि त्यापुढचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा कुणीतरी माझ्या नाकाशी पायताण धरलं होतं. डोळ्यांसमोर नुसते पाय दिसत होते, राखेनं आणि चिपाडांच्या भुश्यानं माखलेले, सगळे बाप्यांचे. जीभ चावली गेली होती. डोकं ठणकत होतं. आपण कुठं आहोत हे कळायच्या आधी मला एवढं कळलं की माझं लुगडं मांडीपासून खाली ओलं आहे, आणि ते पाण्यानं ओलं झालेलं नाही.

आत्याबाईंनी एका गड्याच्या खांद्यावरचं घोंगडं ओढून माझ्यावर टाकलं आणि त्या माणसांवर ओरडल्या, "तमाशा लागलाय का हितं? जावा की आपापल्या कामाला!"

माणसं हलली, पण सावकाश हलली. कायल माझ्यापासून हातभर लांब होती. पुढं सगळे म्हणायचे, देवीनं राखलं म्हणून रसात पडली नाही. मी मान डोलवायची. खरं सांगायचं तर त्या घोंगड्याखाली मला वाटलं होतं की रसात पडले असते तर बरं झालं असतं. मग निदान कुणी माझं लुगडं बघितलं नसतं.

त्यानंतर ते पुन्हा आलं. एकदा परड्यात आलं, एकदा शेजारच्या बारशात आलं. बारशात मी पाळण्याच्या दोरीशी उभी होते. तिथल्या बायकांनी मला बाजूला ओढलं, नाकाला कांदा लावला, हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. नंतर त्यांच्यातली एक दुसरीला म्हणाली, "पोरगी आधीपासनंच तसली आसनार. लपवून दिली बघ." मी अर्धवट शुद्धीत होते, पण हे वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं.

तेच वाक्य आमच्या घरात शिरलं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले, पेन्शनीत निघालेले जमादार. माणूस कडक होता पण दुष्ट नव्हता. फसवणूक मात्र त्यांना सहन व्हायची नाही. त्यांनी माझ्या वडलांना बोलावणं धाडलं.

माझं माहेर औंधच्या बाजूचं, कोरडवाहू मुलखातलं. बाजरी, मटकी आणि दोन-चार शेरडं यावर आमचं घर चालायचं. उसाच्या मुलखात लेक दिली याचं वडलांना लय कौतुक होतं. बोलावणं आलं तसे ते निघाले आणि दुपारी येऊन पोचले. घरात न येता गोठ्याशेजारच्या ओट्यावर बसले. मी दाराच्या आड उभी होते.

"पाव्हणं, खरं सांगा," मामंजी म्हणाले. "हे आधीपासनं हुतं का न्हाई?"

"न्हाई. यमाईची आन. फेफरं आमच्या घरात कुनाला ठावं न्हाई."

"कसलाच आजार न्हवता?"

माझे वडील साधे होते. इथं गप्प बसावं हे त्यांना कळलं नाही. ते म्हणाले, "धाकटी आसताना एकदा ताप आला हुता. सांधं सुजलं हुतं, गुडघं, घोटं. महिनाभर अंथरुनावर हुती. मग बरी झाली. पुन्यांदा कायबी न्हाई."

"म्हंजी रोगीटच हुती!" आत्याबाई आतून म्हणाल्या. "बघा, बापाच्याच तोंडातनं आलं."

वडलांना समजेना की आपण काय बोललो. ताप वेगळा आणि फेफरं वेगळं हे त्यांना सांगायचं होतं, पण शब्द सापडेनात. त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. उठताना म्हणाले, "लेक माघारी घिऊन जायाची आसल तर नेतो." मामंजींनी नको म्हटलं. माझ्याकडे न बघता वडील गेले. त्यांची पाठ बघताना मी मनाशी ठरवलं की त्या तापाचं नाव आपण पुन्हा कुणासमोर काढायचं नाही.

लढाई संपल्यावर मालक रजेवर आले. मी त्यांच्यासमोर यायला धजत नव्हते. घरच्यांनी त्यांना सगळं सांगितलेलं होतं. ते आले तेव्हा मी भांडी घासत होते आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिले. ते जवळ येऊन बसले.

म्हणाले, "आमच्या पलटणीच्या इस्पितळात डोक्याला मार लागलेलं जवान हुतं. त्यांना असंच यायचं. चांगलं हत्तीवानी गडी. त्येंना डागदर गोळ्या द्यायचं. ह्यो रोग हाय, भूतबीत न्हवं. आपन सांगलीला जाऊ."

मला रडू फुटलं. फेफरं हत्तीसारख्या गड्यांनाही येतं ही गोष्ट मला माझ्या लाजेतून थोडी वर काढणारी होती.

बैलगाडीनं स्टेशन आणि तिथून आगगाडीनं सांगली. डॉक्टर मध्यम वयाचे, गोरे, हळू बोलणारे. त्यांच्या खोलीत खिडकीला हिरवा पडदा होता. त्यांनी मालकांना बरेच प्रश्न विचारले. झटका किती वेळ राहतो, हातपाय कसे होतात, तोंडाला फेस येतो का. मालकांनी ते कधी बघितलेलंच नव्हतं. आत्याबाईंनी सांगितलेलं त्यांनी सांगितलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळले.

"लहानपणी काही मोठं दुखणं झालं होतं का? ताप, सांधे सुजणं, दम लागणं?"

त्यांनी सांध्यांचं नाव घेतलं. मालक शेजारी बसले होते. गोठ्याच्या ओट्यावरची वडलांची ती गोंधळलेली चर्या मला दिसली.

"न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी आधी एक गोळी दिली. तिनं मला दिवसभर गुंगी यायची, भाकरी थापता थापता मान कलायची, आणि फेफरं काही थांबलं नाही. मालकांची रजा संपायच्या आत आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टर म्हणाले की एक नवं औषध आलं आहे, ते झोप न आणता फेफरं आवरतं. सांगलीत आता आता मिळायला लागलं आहे. ते घेऊन बघू.

त्या औषधाचा गुण मला विसरता येणार नाही, पुढं काही झालं तरी. झोप उडाली. दिवस गेले, आठवडे गेले, फेफरं आलं नाही. गौरीच्या सणात मला शेजारणींनी हळदीकुंकवाला बोलावलं. आत्याबाई मला विहिरीवर एकटीला पाठवू लागल्या. मालक पलटणीत परत गेले ते हसत गेले. मी गोळ्यांची बाटली देव्हाऱ्यात ठेवली होती, यमाईच्या टाकाशेजारी, आणि सकाळी दोघींना एकदमच हात जोडायची.

मग नवीनच काहीतरी सुरू झालं.

पहिल्यांदा विहिरीच्या पायऱ्यांवर झालं. कळशी घेऊन वर येत होते. एकाएकी पाखरांचा, रहाटाचा आवाज लांब गेला, कुणीतरी कानात कापूस कोंबल्यासारखा. छातीत काहीतरी थबकलं. दार लोटावं आणि ते उघडता उघडता अडावं तसं. डोळ्यांपुढं पांढरं झालं आणि मी पायरीवर बसले की पडले ते कळलं नाही. लगेच शुद्ध आली. अंगाला गार घाम सुटला होता. मी आधी लुगडं चाचपलं. कळशीच्या पाण्यानं पदर भिजला होता, बाकी कोरडं होतं. जीभ शाबूत होती. डोकंही दुखत नव्हतं.

हे ते नव्हे, हे मला त्याच क्षणी समजलं. फेफरं यायचं तेव्हा मी कुठंतरी नाहीशी व्हायची आणि परत यायला मला बराच वेळ लागायचा. इथं मी विझायला आले होते आणि पेटले होते. पण पायरीवरून मला दोन बायकांनी बघितलं होतं, आणि मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

"आलं का पुन्यांदा?" आत्याबाईंनी कपाळाला हात लावला.

"आत्याबाई, ह्ये त्ये न्हवं," मी म्हणाले.

"मग काय हाय?"

मी काय सांगणार होते? फरक सांगायचा तर लुगड्याचं सांगायला हवं होतं. माझी ती ओली लुगडी आत्याबाईंनीच धुतली होती, दरवेळी, एक अक्षर न बोलता, विहिरीच्या पलीकडच्या दगडावर, जिथं दुसऱ्या बायका जात नसत. त्या बोलत नाहीत म्हणूनच मला त्यांच्यासमोर उभं राहता येत होतं. ती गोष्ट मी तोंडानं काढली असती तर आमच्या दोघींत काहीतरी फाटलं असतं, असं मला वाटे.

"घेरी आली आसंल," एवढंच मी पुटपुटले.

"घेरीच म्हनायची आन काय," त्या म्हणाल्या, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता.

पुन्हा झालं. चुलीपुढं झालं, उंबऱ्यात झालं. मी पांढरीफटक पडायची, हातपाय झटकायची नाही, नुसती गळून जायची. पण बघणाऱ्याला पडणं ते पडणंच. मामंजी सांगलीला जाऊन डॉक्टरांना सांगून आले की औषध चालू असताना फेफरं परत आलं. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. मामंजींच्या शिस्तीत ती गोळी चुकायची सोय नव्हती. ते स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभे राहायचे.

गोळी वाढली तशा घेऱ्या वाढल्या. जिना चढताना पायात शिसं भरल्यासारखं व्हायचं. बसल्या जागी छाती थबकायची, मी श्वास रोखून वाट बघायची, मग एक धप्प असा मोठा ठोका पडायचा. कधी कधी मला वाटायचं की पुढचा पडणारच नाही. आणि घरात सगळे म्हणत होते, फेफरं आता औषधालाबी जुमानत न्हाई.

दुसऱ्या खेपेला मामंजी मला घेऊन सांगलीला गेले. तो दिवस मला सगळ्यांत जास्त लाज आणतो, आजही. खोलीत डॉक्टर खुर्चीवर, मामंजी ताठ बसलेले, मी पदर ओढून कोपऱ्यात. डॉक्टर विचारत होते आणि उत्तरं मामंजी देत होते.

"पडतात तेव्हा हातपाय ताठ होतात का?"

"व्हय. पडती म्हंजी ताठ हुनारच की."

"जीभ चावली जाते?"

"आधी जायची."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना शंका आली असावी. म्हणाले, "बाई, मी विचारतो त्याचं उत्तर तुम्ही द्या. पडल्यावर कपड्यात लघवी होते का?"

मामंजींनी मान खाली घातली. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. सासऱ्यासमोर सून तोंड वर करून बोलत नाही असं ते आमचं घर, आणि त्या घरच्या कारभाऱ्यासमोर परक्या बाप्यानं हा प्रश्न विचारला होता. हो म्हणायचं नव्हतं, कारण ते खरं नव्हतं. नाही म्हणायचं तर 'आता नाही होत' असं म्हणावं लागणार होतं, म्हणजे आधी होत होतं. एका शब्दाचं उत्तर. मी पदर आणखी पुढं ओढला.

डॉक्टरांनी थोडं थांबून बघितलं आणि मग माझ्या गप्प राहण्याचा जो अर्थ कुणीही काढला असता तोच काढला. गोळी आणखी वाढली. नाडी बघायला माझा हात कुणी मागितला नाही आणि मीही पुढं केला नाही.

परत येताना मामंजी डब्यात माझ्यापासून लांब बसले. राग नव्हता. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं, तेवढंच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी परड्यात ऊन खात बसले असताना कलंडले. या वेळी मी लगेच उठले नाही. हे मला आत्याबाईंनी नंतर सांगितलं. ओठ निळे पडले होते. त्यांनी हाक मारली, हलवलं, कांदाबिंदा काही आणला नाही. माझ्या छातीवर कान टेकवला. काही ऐकू येईना. त्या ओरडणार, तेवढ्यात एक ठोका आला. मग किती तरी वेळानं दुसरा. त्या तशाच कान लावून बसून राहिल्या. मी डोळे उघडले तेव्हा त्यांचं डोकं माझ्या छातीवर होतं आणि त्यांचे पांढरे केस माझ्या हनुवटीला लागत होते.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तुजं काळीज थांबत हुतं गं."

मी रडायला लागले. त्यांनी माझं लुगडं चाचपलं, आईनं तान्ह्या पोराचं चाचपावं तसं, आणि हात तिथंच थांबला.

"कोरडं हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "कवापास्नं?"

"गोळी लागू पडल्यापासनं. येकदाबी न्हाई झालं."

"आन मला बोलली न्हाईस?"

"कसं बोलू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मामंजींना म्हणाल्या, "सांगलीला जायाचं हाय. मी येनार."

डॉक्टरांच्या खोलीत पाय ठेवताच त्या मामंजींना म्हणाल्या, "तुमी भाईर बसा."

"आगं पर डागदरांना कोन सांगनार?"

"ती सांगंल. बायकांचं बोलनं हाय. आवं, बसा की भाईर!"

माझ्या माहितीत त्यांनी नवऱ्याला चारचौघांत हुकूम सोडलेला तो पहिलाच. मामंजी उठून गेले. दार लागलं. आत्याबाई माझ्याकडे न बघता खिडकीकडे तोंड करून बसल्या, आणि म्हणाल्या, "बोल आता. मी ऐकत न्हाई आसं समज."

मी बोलले. हिरव्या पडद्याकडे बघत बोलले, डॉक्टरांकडे नाही. पहिल्या फेफऱ्यात काय व्हायचं आणि आता काय होतं. ओलं, कोरडं, जीभ, डोकं, छातीतलं थबकणं, सगळं. बोलताना तोंडावर आग झाली होती. 'लघवी' हा शब्द मी तेव्हाही उच्चारला नाही, 'त्ये' म्हणाले.

डॉक्टर उठून माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांनी हात मागितला, मनगटावर बोटं ठेवली, खिशातलं घड्याळ काढलं. बराच वेळ ते ठोके मोजत राहिले. मग लुगड्यावरूनच छातीला नळी लावली. पुन्हा नाडी धरली.

"बाई, तुमच्या नाडीचे ठोके पडायला हवेत त्याच्या निम्मे पडताहेत," ते म्हणाले. "आणि मधूनच एखादा गळतोय. काळजाच्या आवाजातही थोडी खोट आहे, पण ती आजची नाही, जुनी दिसते. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? मी मागं विचारलं होतं."

मी पुन्हा हिरव्या पडद्याकडे बघायला लागले.

"सांग की," आत्याबाई खिडकीकडे बघतच म्हणाल्या.

"आला हुता."

"मग तेव्हा नाही का म्हणालात?"

मी आत्याबाईंच्या पाठीकडे बघितलं. ती पाठ ताठ झाली होती. मला उत्तर द्यावं लागलं नाही. त्यांनीच दिलं. "आमच्या भ्यानं न्हाई म्हनाली आसंल, डागदर. तिच्या बानं खरं सांगितलं तवा मी त्येला खोटं पाडलं. रोगीट पोरगी दिली म्हनाले. म्हनून तिनं त्वांड शिवून घेतलं."

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्या तापानं काळजाला कुणाकुणाला कायमची इजा होते. मेंदूत ज्या खळबळीनं फेफरं येतं ती खळबळ हे औषध शांत करतं. काळीजही आतल्या एका प्रेरणेवर चालतं, आणि तुमचं काळीज आधीच नाजूक असल्यानं औषध त्यालाही शांत करायला लागलं असावं, असं ते म्हणाले. निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. "पुस्तकात याबद्दल मला फारसं काही सापडणार नाही. मी माझ्या बोटांना लागतंय त्यावरून सांगतो. आणि गोळी वाढवायच्या आधी ही बोटं तुमच्या हाताला लावायला हवी होती, ते मी केलं नाही."

असं एखादा शिकलेला माणूस आमच्यासारख्यांना म्हणेल हे मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांची लाज बघून मलाच अवघडल्यासारखं झालं.

"मग बंद करू का गोळी?" आत्याबाईंनी विचारलं.

"एकदम नाही. एकदम बंद केली तर फेफरं एकामागून एक येत राहील, ते जिवावर बेतेल. मी सांगतो तशी हळूहळू कमी करायची आणि दर आठवड्याला इथं येऊन नाडी दाखवायची. मग पहिलीच ती झोपेची गोळी, थोडी. तीही काळजाला अगदीच निर्धोक आहे असं नाही, पण थोडी चालेल. फेफरं मधूनमधून येईल, बाई. पुरतं जाणार नाही."

म्हणजे मला पुन्हा पडायचं होतं, पुन्हा लोकांच्या पायांत जागं व्हायचं होतं, आणि आत्याबाईंना पुन्हा त्या पलीकडच्या दगडावर जायचं होतं. माझा चेहरा बघून डॉक्टर म्हणाले, "काळीज थांबण्यापेक्षा ते बरं."

"व्हय," मी म्हणाले. पण मनातून तितकी खात्री नव्हती. हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

मामंजींना बाहेर हे समजलं तेव्हा ते भडकले. आत्याबाईंच्या हातातली गोळ्यांची बाटली हिसकून घेतली आणि गटारात भिरकावायला निघाले. आपण तांब्या घेऊन रोज समोर उभे राहून सुनेला काय पाजत होतो, याचा तो राग होता. आत्याबाईंनी त्यांचा हात धरला. "येकदम थांबवायची न्हाई म्हनालेत. तुमाला पुन्यांदा जमादारकी कराया कुनी सांगितली?" ते तिथंच फुटपाथच्या कडेला उकिडवे बसले. म्हणाले, "आगं, मी चांगल्यासाटीच देत हुतो गं तिला." आत्याबाई म्हणाल्या, "ते काय मला ठावं न्हाई व्हय? उठा, गाडी जाईल."

गोळी उतरत गेली. घेऱ्या विरळ झाल्या आणि थांबल्या. पायातलं शिसं गेलं. छातीत ठोका ठोक्यापाठी पडायला लागला, आणि ठोका पडतोय याकडे लक्ष जायचं बंद झालं, तेव्हा मला समजलं की मी बरी होते आहे. संक्रांतीच्या आधी फेफरं आलं. अंगणात, शेजारणींसमोर. लुगडं भिजलं. आत्याबाईंनी मला आत नेलं, कपडे बदलले, आणि जाताना म्हणाल्या, "आलं बया यकदाचं. काळीज चालू हाय न्हवं?" आम्ही दोघी हसलो. हसता हसता मला रडू आलं, कारण दारातून तीन तोंडं आत डोकावत होती.

पौषात यमाईच्या यात्रेला आत्याबाई मला घेऊन औंधला गेल्या. दर्शन झाल्यावर मी म्हटलं नसताना त्या माझ्या माहेराकडे चालू लागल्या. माझे वडील दारात बाजरी निवडत बसले होते. विहीणबाईंना बघून धडपडत उभे राहिले, धोतर सावरलं, काय करावं त्यांना सुचेना. आत्याबाईंनी माफी मागितली नाही. त्यांना ते येत नसावं. त्या ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी सांगितलेला ताप खरा हुता, पाव्हणं. डागदरला त्योच लागत हुता." वडलांनी मान हलवली. त्यांना पुरतं समजलं नाही, आणि समजून घ्यायची त्यांची इच्छाही दिसली नाही. ते आत जाऊन आईला चहा ठेवायला सांगू लागले. त्यांचा आवाज चढला होता, पाहुणे आल्यावर चढतो तसा.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या साली मालक पलटणीतून निघाले आणि साताऱ्याला कचेरीत पहाऱ्याच्या कामाला लागले. आम्ही तिथं एका चाळवजा घरात खोली घेतली. शेजारी एक बाई होती, माझ्याच वयाची, दोन मुलांची आई. पहिल्या दिवशी ती विरजण मागायला आली. मी वाटी भरली आणि ती परत वळायच्या आत म्हणाले, "मला फेफरं येतं. आलं तर घाबरू नका. कुशीवर वळवा, आणि चूल जवळ असेल तर लांब ओढा. अंगावर काहीतरी पांघरूण टाका." शेवटचं सांगताना माझी मान खाली गेली.

ती वाटी हातात धरून उभी राहिली. "बरं," म्हणाली आणि गेली. त्यानंतर तिची मुलं आमच्या दारात खेळायची बंद झाली. विरजण ती पलीकडच्या घरातून नेऊ लागली. महिना-दीड महिना असा गेला. मला लाज वाटत होती आणि सांगितल्याचा पस्तावाही होत होता. मालक म्हणायचे, "सांगितलंस ते चांगलं केलंस." त्यांना काय, ते दिवसभर कचेरीत.

मग एकदा भर दुपारी नळावर मला फेफरं आलं. शुद्धीवर आले तेव्हा मी कुशीवर होते. माझ्या अंगावर एक जुनी, ठिगळं लावलेली गोधडी होती, आणि ती शेजारीण माझ्या डोक्याशी बसून नळावरच्या बाप्यांना सांगत होती, "इकडं बघायचं काम न्हाई. पलीकडं जावा." मी गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली. तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस मला झालं नाही, आणि तिनंही माझ्याकडे बघितलं नाही. आम्ही दोघी तशाच, नळ वाहता ठेवून, बसून राहिलो.